निळ्या खुणेची जागा
(प्रायश्चित्तकाळाचा चौथा रविवार)



येत्या मंगळवारी मिस्सामध्ये आपण बेथेस्दा तळ्याचे शुभवर्तमान ऐकणार आहोत (योहान ५:१-१६). यरुशलेममधील त्या तळ्याला पाच पडव्या होत्या. आंधळे, लंगडे, लुळे असे पुष्कळ लोक तिथे पडून असत. पाणी हलले की जो उतरेल तो बरा होतो, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांत अडतीस वर्षे आजारी असलेला एक माणूस होता. बरे व्हायची इच्छा आहे का, असे प्रभूने त्याला विचारले. त्या माणसाने आपल्या दुखण्याविषयी तक्रार केली नाही. आपल्याला पाण्यात सोडायला कुणी नाही आणि आपण पोहोचेपर्यंत दुसराच कुणीतरी उतरलेला असतो, एवढेच त्याने सांगितले.

या उताऱ्यावर आम्ही अनेकदा प्रवचन केले आहे. दर वेळी आम्ही प्रभूच्या सामर्थ्यावर बोललो. त्या 'दुसऱ्या' माणसाविषयी आम्ही कधी विचारच केला नव्हता. शुभवर्तमानात त्याचे नाव नाही. तो दुष्ट होता असेही म्हटलेले नाही. त्याचे पाय जरा जास्त चालत होते, म्हणून तो पुढे गेला. मागे कोण राहिले ते त्याने पाहिले नसावे.

यंदा त्या माणसाचा विचार करायला आम्हाला आपल्याच एका धर्मग्रामस्थाने लावले.

आपल्या चर्चच्या आवारात बाजूच्या दरवाजाजवळ दोन जागा निळ्या रंगाने आखलेल्या आहेत. त्यांवर चाकाच्या खुर्चीचे चित्र आहे. काही दिवसांपूर्वी आम्ही आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला घरोघरी गेलो होतो. एका घरी सत्तरी ओलांडलेले एक काका आहेत. लहानपणी पोलिओ झाला. तरुणपणी कुबड्यांवर चालत, आता व्हीलचेअर वापरतात. दर रविवारी मुलगा त्यांना गाडीने मिस्साला आणीत असे. आम्ही त्यांना म्हणालो, "काका, तब्येत बरी नाही का? बरेच दिवस दिसला नाहीत."

ते म्हणाले, "तब्येतीला काय झालंय फादर? जागा मिळत नाही."

मग त्यांच्या मुलाने सांगितले. सलग तीन रविवार त्या दोन्ही जागांवर दुसऱ्यांच्या गाड्या होत्या. पहिल्या रविवारी त्याने गाडी मैदानाच्या टोकाला लावली. तिथे खडी आहे. खुर्चीची पुढची चाके खडीत रुतली आणि चौघांनी खुर्ची उचलून आणली. काकांना ते फार लागले. पुढच्या दोन्ही रविवारी ते गाडीतच बसले. काच खाली करून त्यांनी लाऊडस्पीकरवर मिस्सा ऐकली. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी त्यांच्यापर्यंत कुणी गेले नाही, कारण ते तिथे आहेत हे कुणाला ठाऊकच नव्हते. चौथ्या रविवारी ते घरीच राहिले.

आणि हेही आम्ही आपल्यासमोर कबूल करतो. त्या तीनपैकी एका रविवारी निळ्या जागेवर धर्मग्रामाचीच गाडी उभी होती. वेदीसाठी फुले आणली होती. दोन मिनिटांत उतरवून काढू, असे म्हणून लावली, आणि मिस्सा संपेपर्यंत ती तिथेच राहिली. आपल्यापैकी कुणाला दोष देण्याआधी आम्ही स्वतःला दोष देतो. काकांची क्षमा आम्ही त्यांच्या घरी जाऊन मागितली आहे.

बंधुभगिनींनो, ही जागा एवढी मोठी आणि एवढी जवळ का, हे पुष्कळांना ठाऊक नसते. साधारण गाडीला अडीच मीटर रुंदीची जागा पुरते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श इमारत उपविधींप्रमाणे अपंगांसाठीची जागा किमान ३.६ मीटर रुंद हवी आणि प्रवेशद्वारापासून ती ३० मीटरपेक्षा लांब नसावी. ही वाढीव रुंदी शोभेसाठी नाही. गाडीचे दार पूर्ण उघडावे लागते, खुर्ची दाराला चिकटवून उभी करावी लागते आणि मग माणूस हातांच्या जोरावर आसनावरून खुर्चीवर सरकतो. म्हणून गाडीच्या शेजारची पट्ट्यापट्ट्यांची मोकळी जागाही त्या जागेचाच भाग आहे. तिथे एक मोटारसायकल उभी केली की आतला माणूस आतच अडकतो. मिस्सा चालू असताना दुसरा कुणी मोटारसायकल लावून गेला, तर मिस्सानंतर त्याला स्वतःच्या गाडीत बसताही येत नाही.

आपण देतो ती कारणे आम्हाला पाठ आहेत. "दोनच मिनिटं लावतो." पण ज्याला यायचे आहे तो नेमका त्याच दोन मिनिटांत येतो. "मी गाडीतच बसलोय, कुणी आलं तर काढीन." मागून येणाऱ्याला ते दिसत नाही. जागा भरलेली पाहून तो पुढे निघून जातो. "जागा रिकामीच तर असते." ती रिकामी ठेवलेली असते, म्हणूनच येणाऱ्याला तिचा भरवसा वाटतो. "आमच्या घरी आजी आहे, गाडी तिचीच आहे." आजी सोबत असेल तर अवश्य लावा. आजीला घरी ठेवून आला असाल, तर गाडी इतरांसारखी मैदानात लावा. लग्नाच्या दिवशी त्या चौकटीत मंडपाचे खांब रोवले जातात, जनरेटर ठेवला जातो, सजवलेली गाडीही उभी केली जाते. हे सर्व आपल्यासमोर होते आणि आपण गप्प राहतो.

रेल्वेने रोज प्रवास करणाऱ्यांना हे नवे नाही. मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांसाठी वेगळा डबा असतो. गर्दीच्या वेळी धडधाकट माणसे त्यात शिरतात आणि कुबडी घेतलेला माणूस फलाटावर राहतो. आपल्याला तेव्हा राग येतो. आपल्याच चर्चच्या आवारात मात्र तो राग कुठे जातो?

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या जागेवरून कुणी आपल्या पायांनी चालत उतरला की त्याच्याकडे संशयाने पाहू नका. सगळे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही. पँटच्या आत कृत्रिम पाय असू शकतो. कुणी चार पावले ठीक चालतो आणि दहाव्या पावलाला त्याला धाप लागते. आपल्या देशाच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्याच्या जागी आलेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते एकवीस झाले. त्यांत कंपवात, हिमोफिलिया, सिकल सेल यांचाही समावेश आहे. तेव्हा कुणाला चारचौघांत हटकू नका, दाखला मागू नका. शंका आलीच, तर स्वयंसेवकाला हळूच सांगा. तसेच, खुर्चीवरच्या माणसाची खुर्ची विचारल्याशिवाय ढकलू नका. "मदत करू का?" असे विचारा, आणि ते सोबतच्या माणसाला नव्हे, त्यालाच विचारा.

त्या निळ्या खुणेची एक हकिकत आहे. सुसान केफोड नावाच्या डेन्मार्कच्या विद्यार्थिनीने १९६८ साली ती काढली. तिच्या मूळ चित्राला डोके नव्हते. नंतर वर एक गोल जोडला गेला, आणि खुर्चीवर माणूस बसलेला दिसू लागला. आपण त्या खुणेवर गाडी उभी करतो, तेव्हा तो माणूस आपल्या नजरेआड होतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या देशात अशी २ कोटी ६८ लाख माणसे आहेत. पूर्वी आपण त्यांना अपंग म्हणायचो, आता सरकारदरबारी दिव्यांग म्हणतात. शब्द बदलला, पण त्यांची जागा त्यांना मिळाली का?

आखातात नोकरी केलेले आपले बांधव सांगतात, की तिथे अशा जागेवर गाडी लावायची कुणाची हिंमत होत नाही. संयुक्त अरब अमिरातीत त्यासाठी १००० दिरहम दंड आहे. दंडाच्या भीतीने तिथे आपण शिस्त पाळतो आणि गावी आल्यावर विसरतो. आपल्या आवारात पोलीस येणार नाही आणि आम्हीही पावती फाडणार नाही. इथे आपली सदसद्विवेकबुद्धीच काय ती पहारा करील. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, ही आज्ञा देवाने मोशेमार्फत फार पूर्वीच दिलेली आहे (लेवीय १९:१४). आपली गाडी हेही अडखळण होऊ शकते.

कफर्णहूमच्या त्या चौघांना आठवा (मार्क २:१-१२). दाराशी गर्दी होती म्हणून ते पक्षाघाती मित्राला घेऊन परत फिरले नाहीत. त्यांनी छप्पर उघडले आणि खाट प्रभूच्या पुढ्यात सोडली. दाराशी दाटी करणारी माणसेही प्रभूचे वचन ऐकायलाच आली होती. भाविक असूनही त्यांनी वाट अडवली होती. आपल्याकडून कुणी छप्पर उघडायची अपेक्षा करीत नाही. शंभर पावले जास्त चालायची, एवढेच मागणे आहे.

झावळ्यांचा रविवार आणि पवित्र आठवडा जवळ आला आहे. त्या दिवसांत आवारात गाड्यांची दाटी होईल. प्रायश्चित्तकाळात कुणी मांसाहार सोडतो, कुणी चहा सोडतो. त्याबरोबर दाराजवळची जागाही सोडू या. ज्यांना चालता येते त्यांनी पाच मिनिटे आधी निघावे आणि गाडी मैदानात लावावी. युवकांनी दर मिस्साआधी निळ्या जागांजवळ उभे राहण्याचे कबूल केले आहे. त्यांच्याशी वाद घालू नका. धर्मग्रामाची गाडी यापुढे मागच्या फाटकाशी उभी राहील. मैदानाच्या कडेने खडी काढून पेव्हर ब्लॉकची वाट करायचे धर्मग्राम मंडळाने ठरवले आहे. आणि गाडीत बसून कुणी मिस्सा ऐकत असेल तर तेवढे आम्हाला कळवा. ख्रिस्तप्रसाद घेऊन आम्ही गाडीपाशी येऊ.

काकांना आम्ही पुढच्या रविवारी सकाळच्या मिस्साला बोलावले आहे. येतो म्हणाले आहेत. ते येतील तेव्हा त्यांना जागा मोकळी मिळावी, ही प्रभूचरणी प्रार्थना, आणि आपणा सर्वांना विनंती.