वाटणी झाल्यावर कळलेली किंमत

गेल्या ऑगस्टमध्ये जुरोंग ईस्टला आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये आग लागली. चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीने पेट घेतला, असं दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये कळलं. माणसं सगळी सुखरूप होती. पण खालच्या दोन घरांत आगीपेक्षा पाण्याने जास्त नुकसान केलं. ओल्या गाद्या, फुगलेली पुस्तकं आणि फ्रेमच्या काचेआड ओघळलेला एक कौटुंबिक फोटो खाली कचऱ्याच्या डब्यांशेजारी ठेवलेला मी पाहिला आणि घरी येऊन आमच्या भिंतीकडे बघत बसले.

आमच्या भाड्याच्या घराच्या त्या भिंतीवर सहा चित्रं आहेत. चार माझ्या आजोबांची जलरंगातली. ते कोल्हापुरात शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. एक डहाणूहून आणलेलं वारली चित्र. आणि सहावं १९३४ सालचं, आमच्या वाड्याच्या माडीवर वर्षानुवर्षं टांगलेलं: नदीच्या पायऱ्या चढणारी, कमरेवर घागर घेतलेली बाई.

इथल्या सरकारी घरांचा जो आगीचा विमा असतो तो भिंती, दारं आणि मूळच्या बांधकामापुरताच. आतल्या सामानाचा विमा ज्याचा त्याने काढायचा. मी चौकशी केली, तेव्हा सामानाच्या पॉलिसीत चित्रांसाठी दर नगामागे एक मर्यादा असते असं कळलं. त्यापेक्षा मोलाची वस्तू असेल तर ती वेगळी नोंदवायची आणि सोबत मूल्यांकनाचा कागद जोडायचा. म्हणून एका शनिवारी एक मूल्यांकन करणाऱ्या बाई घरी आल्या. मोजपट्टी, टॉर्च, भिंग आणि पांढरे हातमोजे. चहा नको म्हणाल्या. हातमोज्यांमुळे असावं.

आजोबांच्या चित्रांपाशी त्या बराच वेळ थांबल्या. हात चांगला आहे म्हणाल्या आणि चारही चित्रांना मिळून एक किरकोळ आकडा लिहिला. विम्यासाठी जी किंमत धरतात ती साधारणपणे भरपाईची किंमत असते, हे त्यांनी समजावून सांगितलं. म्हणजे वस्तू गेली तर तशीच दुसरी बाजारातून आणायला किती पडतील. आजोबांचं चित्र बाजारात मिळतच नाही, म्हणून त्याला भाव नाही. जे पुन्हा आणता येतं त्याची भरपाई मिळते आणि जे आणता येत नाही त्याची मिळत नाही, हा हिशोब ऐकायला विचित्र वाटला तरी त्यात काही खोट नाही. विमा नुकसान भरून देतो. दुःख भरून देण्याचा दावा त्याने कधीच केलेला नाही.

मग त्या सहाव्या चित्राकडे वळल्या. मागचा पुठ्ठा अलगद सोडवला. माउंटच्या कडेखाली अर्धी दडलेली इंग्रजी सही पूर्ण दिसली. एम. व्ही. धुरंधर.

महादेव विश्वनाथ धुरंधर मूळचे कोल्हापूरचे. १८६७ चा जन्म. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, तिथेच शिकवलं आणि त्या वर्षांवर ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे पुस्तक लिहिलं. आमच्या घरात एक कथा होती की आजोबांच्या मास्तरांना ‘मुंबईच्या मोठ्या चित्रकाराने’ ते चित्र दिलं आणि मास्तरांनी ते पुढे आजोबांना दिलं. कथेला कागदाचा आधार नव्हता. बाईंनी दोन आकडे सांगितले. चित्र धुरंधरांचंच असेल तर साधारण अकरा हजार सिंगापूर डॉलर. ‘धुरंधरांच्या शैलीतलं’ असं लिहायचं झालं तर पाचशे. खात्रीसाठी तज्ज्ञाचं मत घ्यावं लागेल, पण त्यांचा स्वतःचा कौल पहिल्या आकड्याकडे होता.

माझं काम संवेदकांच्या मोजमापाचं आहे. प्रयोगशाळेत आम्ही कुठलाही आकडा त्याच्या अनिश्चिततेशिवाय लिहीत नाही. पण पाचशे ते अकरा हजार एवढी अनिश्चितता मी कधी पाहिली नव्हती, आणि गंमत म्हणजे त्यात चित्र कुठेच बदलत नव्हतं. सावळाराम हळदणकरांचं, हातात समई घेतलेल्या स्त्रीचं मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं चित्र कितीतरी लोक राजा रविवर्म्याचं म्हणून ओळखतात. नाव चुकलं म्हणून त्या ज्योतीचा उजेड कमी होत नाही. आपल्या पंढरपूरच्या हुसेन यांचं १९५४ सालचं ‘ग्रामयात्रा’ ओस्लोच्या इस्पितळात कित्येक दशकं लोकांच्या नजरेआड लटकत होतं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे एक कोटी सदतीस लाख डॉलर मिळाले. त्याच्यासमोरून रोज ये-जा करणाऱ्यांना ते कसं दिसत असेल, असा प्रश्न मला पडतो. पण इथे मला लिहायचं आहे ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल.

हे चित्र माझ्याकडे कसं आलं, ते सांगायला हवं.

अडीच वर्षांपूर्वी मंगळवार पेठेतला आमचा वाडा विकला. पैशांची वाटणी वकिलांसमोर झाली. भांडी, फर्निचर, चित्रं हे मी आणि माझा चुलतभाऊ, आमचा दादा, असं दोघांनी माडीवर बसून वाटून घेतलं. भिंतीवरची मोठी वस्तू म्हणजे रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला तो छापखाना, ज्याने देवदेवता घरोघरी पोहोचवल्या. आमच्या प्रतीवर जरीचं काम होतं, सोनेरी चौकट होती आणि पणजीच्या काळापासून तिला हळदकुंकू लागत आलं होतं. सगळ्यांच्या मते घरातलं सर्वांत मौल्यवान चित्र तेच. मी म्हणाले, “दादा, लक्ष्मी तू ठेव.” कारणही दिलं: शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू भारतातून परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाही, १९७२ चा कायदा आहे. ते खरंच आहे. दादाला बरं वाटलं. “मग तुला काय?” म्हणाला. मी आजोबांची चार चित्रं मागितली आणि म्हटलं, “आणि ती घागरवाली.” तो म्हणाला, “ने की. वाळवी लागायच्या आत ने.”

वाटणी झाली. कुणी फसवलं नाही, कुणी रुसलं नाही.

मूल्यांकनाचा कागद हातात आला त्या रात्री मी स्वतःची बाजू मांडून पाहिली. सिसेरोने एक जुनं उदाहरण दिलं आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याचं जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजं येत आहेत हे त्याला माहीत आहे, बेटावरच्यांना नाही. त्याने ते सांगावं की गप्प राहून चढ्या भावाने विकावं? या प्रश्नावर दोन स्टोइक तत्त्वज्ञांचं जमत नाही. डायोजेनिस म्हणतो, खोटं बोलू नकोस, मालाचे दोष सांग, पण जे जे माहीत आहे ते सगळं सांगायला तू बांधील नाहीस. अँटिपेटर म्हणतो, आपण एकाच मानवी कुटुंबातले. दुसऱ्याच्या अज्ञानावर आपला नफा उभा करता येत नाही. सिसेरो स्वतः अँटिपेटरच्या बाजूने जातो.

माझा पहिला युक्तिवाद असा की हे उदाहरण मला लागूच पडत नाही. व्यापाऱ्याला सौद्याच्या आधी माहीत होतं, मला अडीच वर्षांनी कळलं. वाटणीच्या दिवशी दादा आणि मी सारखेच अज्ञानी होतो. दोघेही अंधारात असताना केलेली वाटणी नंतर उजेड पडला म्हणून अन्यायाची ठरत नाही. तसं धरलं तर जगात एकही वाटणी कधी पूर्ण होणार नाही. उद्या लक्ष्मीचा भाव वाढला तर मी दादाकडे हिस्सा मागणार का?

युक्तिवाद चांगला आहे. एकच अडचण आहे: तो खरा नाही.

२०१८ साली मी मुंबईत पीएच.डी. करत होते. त्या वर्षी तिथल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं आणि मी एक अख्खी दुपार तिथे घालवली होती. वाड्याच्या माडीवर, दादा खाली भांडी मोजत असताना, मी ती फ्रेम खिडकीपाशी नेऊन तिरकी धरली होती. माउंटखालून सहीची शेवटची चार अक्षरं दिसत होती. मला ठाऊक नव्हतं, पण शंका होती. आणि शंका आहे म्हणूनच मी ‘घागरवाली’ शेवटी, सहज आठवल्यासारखी मागितली. कायदाही मी लक्ष्मीपुरताच सांगितला.

शंका म्हणजे ज्ञान नव्हे, असं म्हणता येतं. पण विम्याच्या अर्जाने मला ती पळवाट ठेवली नाही. विम्याचा करार हा इंग्रजी परंपरेत परम सद्भावनेचा करार मानतात. या विचाराचा पाया घालणारा खटला आमच्या अगदी शेजारचा आहे. सुमात्रा बेटावरच्या बेनकूलनच्या किल्ल्याचा इंग्रज गव्हर्नर कार्टर याने शत्रूच्या हल्ल्यापासून लंडनमध्ये विमा काढला. १७६० मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला आणि विमेदार म्हणाला, किल्ला किती कमजोर आहे ते तू सांगितलं नाहीस. १७६६ मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी तत्त्व मांडलं की एकाला खासगीत ठाऊक असलेली गोष्ट लपवून दुसऱ्याला त्याच्या अज्ञानातून सौद्यात ओढणं सद्भावनेत बसत नाही, आणि हे दोन्ही बाजूंना लागू आहे. सिसेरोचा गप्प बसणं आणि लपवणं यांतला भेद त्यांनी तिथेच वापरला. याच बेनकूलनचा कारभार पुढे रॅफल्सकडे आला आणि तिथे नेमणूक असतानाच १८१९ मध्ये त्यांनी सिंगापूर वसवलं. आजही इथे बेनकूलन नावाचा रस्ता आहे, एमआरटीचं स्टेशन आहे. मी त्यावरून कितीदा तरी गेले आहे.

निकाल मात्र कार्टरच्या बाजूने लागला. युद्धाचं सावट सगळ्यांना दिसत होतं, आणि लंडनच्या विमेदाराला हवं असतं तर चौकशी करता आली असती. यातून मी दुसरा बचाव उभा केला: दादालाही चित्र तिरकं धरून बघता आलं असतं. पण ते टिकलं नाही. लंडनचा विमेदार धोक्याचा अंदाज बांधूनच पोट भरत होता. दादा शेतीच्या औषधांचं दुकान चालवतो. धुरंधरांची सही ओळखायची तर धुरंधर पाहिलेले असावे लागतात, आणि मुंबईतली ती दुपार माझ्या वाट्याला आली होती, त्याच्या नाही. शिवाय त्याने चौकशी केली नाही, याचं कारण समोर मी होते.

मला सर्वांत जास्त बोचलं ते हे. विमा कंपनीच्या अर्जात मी चाळीस मिनिटांत सगळं लिहिलं: सही आहे, कागद नाहीत, घरची कथा ऐकीव आहे, उजव्या कोपऱ्यात बुरशीचा डाग आहे, तज्ज्ञाचं मत घेतलेलं नाही. ज्या कंपनीत मी कुणालाही ओळखत नाही तिच्याशी मी परम सद्भावनेने वागले. ज्याने मला रंकाळ्यावर सायकल शिकवली त्याला अडीच वर्षांत एक अक्षर सांगितलं नव्हतं. कंपनीला खरं सांगितलं त्यात पुण्य काही नव्हतं, नाही सांगितलं तर दावा फेटाळतात एवढंच. नातं खोटं बोलल्यावर दावा फेटाळत नाही. म्हणून तर तिथे खोटं बोलणं सोपं जातं.

रविवारी मी फोन केला. आकडा सांगितला, सात लाखांच्या वर. मग खिडकीपाशी फ्रेम तिरकी धरल्याचंही सांगितलं, कारण ते वगळलं असतं तर फोनला अर्थ नव्हता. “अगं, असू दे, चित्र तुझंच” असं काहीतरी दादा म्हणेल, अशी माझी आशा होती हे कबूल करते. तो तसं म्हणाला नाही. बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तेव्हाच बोलली असतीस तरी मी दिलं असतं गं.” आणि वहिनींनी फोन घेतला, मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीबद्दल बोलल्या, कुठलाही आडपडदा न ठेवता. मला ते बरंच वाटलं.

आम्ही एका कागदावर लिहून घेतलं आहे: तज्ज्ञाचं मत दोघांनी मिळून घ्यायचं. चित्र विकलं, किंवा विम्याचे पैसे आले, तर निम्मे निम्मे. तोवर ते इथे राहील, हप्ता मी भरेन. लक्ष्मी दादाकडेच, तिचा हिशोब नाही. ती देव्हाऱ्यात आहे आणि तिचं मूल्यांकन करायला कुणी येणार नाही.

याने सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. दादाचे फोन पूर्वीसारखे येतात, पण ‘तेव्हाच बोलली असतीस तरी’ हे वाक्य मध्ये असतं. पैसे निम्मे करता येतात. त्या दिवशी माडीवर उदार व्हायची जी संधी मी त्याच्याकडून काढून घेतली, तिची भरपाई होण्यासारखी नाही. तो मला चित्र जाणून देऊ शकला असता. मी ते नकळत घेतलं.

परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांकडे असं काही ना काही असतं. वाटणीच्या वेळी ‘मला हे चालेल’ म्हणून आणलेलं, तिकडच्यांना अडगळ वाटलेलं. त्यातलं किती आपण प्रेमाने आणलं आणि किती ओळखून, हे आपल्यालाच माहीत असतं. विम्याच्या निमित्ताने एकदा यादी कराल तेव्हा किमतीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखून पाहा: ही वस्तू घेताना मला काय माहीत होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नाही.

जुरोंग पोर्ट रोडवर, आमच्यापासून फार लांब नाही, सिंगापूरच्या राष्ट्रीय संग्रहातल्या लाखो वस्तू जपणारं केंद्र आहे. तिथे तापमान आणि आर्द्रता ठरावीक ठेवलेली असते. आमच्या घरात तशी सोय नाही. घागरवालीच्या मागे मी सिलिका जेलच्या पुड्या ठेवते आणि दर महिन्याला बुरशीचा डाग मोजते. मग त्याचा फोटो काढून दादाला पाठवते. तो अंगठा दाखवतो. कधी कधी विचारतो, “वाढला काय गं?”