द्रवत्व कोणाचं?

थिजलेलं तूप आचेवर पातळ होतं. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या विचारवंतांना त्यात तत्त्वज्ञानाचा प्रश्न दिसला: द्रवत्व हा पदार्थाचा स्वभाव, की परिस्थितीचा परिणाम? या दर्शनाचे प्रवर्तक कणाद यांच्या सूत्रांत तूप, लाख, मेण यांच्यापाठोपाठ कथील, शिसं, लोखंड, चांदी, सोनं येतं. अग्नीच्या संयोगाने ही सगळी वितळतात, म्हणून त्यांचं द्रवत्व नैमित्तिक, म्हणजे बाहेरच्या कारणाने आलेलं. पाण्याचं मात्र स्वाभाविक.

मग पाण्याचेच बर्फ आणि गारा घट्ट कसे?

वैशेषिक दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी ही अडचण टाळली नाही. दिव्य तेजाशी संयोग झालेले पाण्याचे परमाणू एकमेकांशी घट्ट जुळतात आणि त्यांचं द्रवत्व अडतं, असं त्यांनी म्हटलं. त्यातलं दिव्य तेज आज मान्य होणार नाही. परमाणूंच्या परस्परसंयोगाकडे वळलेली त्यांची नजर मात्र विलक्षण होती.

आजच्या विज्ञानानुसार बर्फातले रेणू जागच्या जागी थरथरतात, पाण्यात एकमेकांना धरत-सोडत सरकतात, वाफेत मोकळे धावतात. रेणू तोच. एकटा रेणू घट्टही नसतो आणि पातळही. पदार्थ घट्ट की पातळ, हे परिस्थितीवर ठरतं. गॅलियम २९.८ अंश सेल्सिअसला, म्हणजे तळहातावरही वितळतं. पारा सुमारे उणे ३९ अंशांना गोठतो. हेलियम तर साध्या वायुदाबाखाली निरपेक्ष शून्याजवळही गोठत नाही.

पाण्याला दिलेला वेगळा मान त्यामुळे टिकत नाही. त्याचं द्रवत्वही तुपासारखं नैमित्तिकच आहे.