मालकालाही ‘नाही’ म्हणणारा नियम

नवीन अ‍ॅप टाकलं की फोन विचारतो, कॅमेरा वापरू द्यायचा का? कॉन्टॅक्ट्स? लोकेशन? आपण घाईत असतो. ‘अलाऊ’ दाबतो आणि पुढे जातो. निदान विचारलं तरी, एवढं समाधान असतं. पण त्याच फोनमध्ये परवानग्यांचा आणखी एक थर आहे आणि तो आपल्याला कधीच काही विचारत नाही. कोणत्या प्रोग्रामने कोणत्या फाइलला हात लावायचा, कोणी नेटवर्कवर जायचं, कोणी नाही, हे तिथे आधीच लिहून ठेवलेलं असतं. फोन आपल्या पैशांनी घेतला असला तरी ते नियम आपण सहजासहजी बदलू शकत नाही.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला राग आला होता. माझ्या वस्तूवर माझ्यापेक्षा वरचढ कोण? आता तितका राग येत नाही, पण प्रश्न मिटलेला नाही. मालकाचंही न ऐकणारा नियम योग्य असू शकतो का? असेल, तर कोणत्या अटींवर?

आधी नेहमीची व्यवस्था पाहू. युनिक्स आणि त्याच्या वळणावर गेलेलं लिनक्स यांचा हिशेब साधा आहे: फाइल ज्याची, मर्जी त्याची. ती कोणी वाचायची, कोणी तिच्यात लिहायचं, हे मालक ठरवतो. त्याला वाटलं तर तो ती सगळ्यांसाठी उघडी करू शकतो. याला ‘डिस्क्रेशनरी’ म्हणतात, म्हणजे मर्जीवरचं नियंत्रण. ऐकायला न्याय्य वाटतं.

अडचण अशी की माझ्या फाइली मी स्वतः उघडत नाही. माझ्या वतीने एखादा प्रोग्राम उघडतो. कॉम्प्युटरवर फोटो लहान करणारा एखादा प्रोग्राम मी चालवला, की नेहमीच्या व्यवस्थेत त्याला फक्त तो फोटो मिळत नाही. माझ्या नावावरचं सगळंच मिळतं: बँकेचं स्टेटमेंट, आधारचा स्कॅन, कोणाला न दाखवलेल्या कविता. तलाठ्याकडून सातबाराचा उतारा आणायला एखाद्याला पाठवलं, तर आपण त्याच्या हाती कुलमुखत्यारपत्र देत नाही. कॉम्प्युटरवर मात्र प्रत्येक प्रोग्रामला आपण ते देतो, तेही न वाचता.

बरं, तो प्रोग्राम वाईट असायलाही लागत नाही. २०१५ साली अँड्रॉइडमध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाच्या भागात गंभीर चुका सापडल्या. हा व्हिडिओ वाचणारा भाग. मुद्दाम बिघडवून बनवलेला व्हिडिओ एमएमएसने आला, तर मालकाने तो उघडण्याआधीच फोन तो वाचायला घेऊ शकत होता आणि त्या वाचण्यातल्या चुकीचा फायदा घेऊन पाठवणाऱ्याच्या सूचना चालू शकत होत्या. स्टेजफ्राइटचा हेतू स्वच्छच होता. पण तो ज्या प्रक्रियेत चालायचा, तिच्याकडे कॅमेरा, आवाज, नेटवर्क असं बरंच काही एकत्र होतं. मालकाची मर्जी इथे मध्ये आलीच नाही. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

मर्जीच्या वर आणखी एक थर हवा, हा विचार जुना आहे. १९७०च्या दशकात अमेरिकी लष्करी संगणकांसाठी तो मांडला गेला. गुप्त कागद वाचायचा अधिकार असलेल्या माणसाने तो मजकूर खालच्या दर्जाच्या फाइलीत उतरवता कामा नये, मग त्याची इच्छा काहीही असो. याला ‘मॅन्डेटरी’ म्हणजे सक्तीचं नियंत्रण म्हणतात. पुढे अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने लिनक्ससाठी एसई-लिनक्स तयार केलं आणि २०००च्या डिसेंबरात ते सगळ्यांसाठी खुलं केलं. २००३ साली ते लिनक्सच्या मूळ गाभ्यात आलं. अँड्रॉइडमध्ये ते ५.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४पासून, पूर्णपणे लागू आहे.

त्याची रीत समजायला सोपी आहे. प्रत्येक प्रक्रियेला आणि प्रत्येक फाइलला एक लेबल. मग नियम: अमुक लेबलच्या प्रक्रियेने तमुक लेबलच्या फाइली वाचाव्यात. जे लिहिलेलं नाही, त्याचं उत्तर ‘नाही’. नेहमीच्या व्यवस्थेत ज्याला जवळपास सगळं माफ असतं, तो ‘रूट’सुद्धा या नियमांखाली येतो.

हे नीट कळावं म्हणून मी एका रिकाम्या व्हर्च्युअल मशीनवर लहानात लहान पॉलिसी बनवायला बसले. लहानात लहान म्हणजे परवानगीचा एकही नियम नाही, असं आधी वाटलं. तशी पॉलिसी लागू केली आणि मशीन उभंच राहिलं नाही. सगळ्यात आधी सुरू होणारी ‘इनिट’ नावाची प्रक्रियाच अडकली, कारण तिलाही काही करायची परवानगी नव्हती. अगदी सुरक्षित मशीन, आणि अगदी निरुपयोगी.

मग दुसरं टोक पाहिलं. लिनक्सच्या सोर्स कोडमध्येच एक छोटं साधन आहे, त्याच्या नावाचा अर्थच ‘डमी पॉलिसी बनवा’ असा. ते एक यूजर, एक रोल आणि एकच लेबल असलेली पॉलिसी तयार करतं. सगळ्या प्रक्रिया त्या एका लेबलच्या, सगळ्या फाइलीही त्याच लेबलच्या, आणि त्या लेबलला त्याच लेबलवर सर्व काही करायची मुभा. मशीन झकास चालू झालं. सक्तीचं नियंत्रण पूर्ण लागू होतं आणि ते कशालाच अडवत नव्हतं.

‘कमीत कमी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे मला तिथे दिसलं. कमीत कमी प्रकार आणि कमीत कमी परवानगी. सगळ्यांना एकाच लेबलखाली आणलं की नियम सुटसुटीत होतात आणि जो बळकट किंवा बिघडलेला असेल त्याला रान मोकळं मिळतं. उलट प्रत्येकाला त्याच्या कामापुरतंच द्यायचं, तर हजारो ओळी लिहाव्या लागतात. जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हे तत्त्व मांडलं होतं, की प्रत्येक प्रोग्रामला काम पुरं करण्यापुरतेच अधिकार असावेत. वाचायला एक ओळ आहे. पाळायची तर ते काम नेमकं काय, हे आधी कळावं लागतं.

इथे माझं मत बदललं. कमी परवानगी देणं म्हणजे अविश्वास, आणि अविश्वास म्हणजे अपमान, असं आपण धरून चालतो. पण व्हिडिओ वाचणाऱ्या प्रक्रियेला नेटवर्क लागत नाही, हे लिहायला कोणाला तरी ती प्रक्रिया दिवसभर काय करते हे बारकाईने पाहावं लागलं. अँड्रॉइड ७.०मध्ये, म्हणजे २०१६ साली, ते जुनं एकत्र काम वेगवेगळ्या प्रक्रियांमध्ये वाटून दिलं गेलं. कॅमेरा एकीकडे, आवाज दुसरीकडे आणि व्हिडिओ फोडून वाचणारी प्रक्रिया अगदी थोड्या अधिकारांनिशी तिसरीकडे. सरसकट सगळं देऊन टाकणं सोपं असतं. त्यासाठी समोरच्याची ओळखही लागत नाही.

आता कबुली. एका जुन्या नोकरीत रात्री उशिरा एक सर्व्हर अडला होता. लॉगमध्ये एसई-लिनक्सचे नकार ओळीने येत होते. मी ते वाचले नाहीत. सेटिंगमध्ये ‘एन्फोर्सिंग’च्या जागी ‘परमिसिव्ह’ लिहिलं. या अवस्थेत यंत्रणा नकार नोंदवते, पण अडवत नाही. सर्व्हर चालू झाला, मी झोपले. सकाळी पूर्ववत करायचं ठरवलं होतं. मी ती नोकरी सोडली तेव्हाही तो शब्द तिथेच होता. काही वाईट घडल्याचं कधी कानावर आलं नाही आणि मला खुपतं ते हेच. काही घडलं नाही, म्हणून मला कोणी विचारलं नाही. लोकांची माहिती होती त्यात. ती माझी नव्हती.

याहून सभ्य दिसणारी पळवाटही आहे. नकारांच्या नोंदी दिल्या की त्यांतून परवानगीचे नियम बनवून देणारं एक साधन मिळतं, ‘ऑडिट-टू-अलाऊ’. आठवडाभर सगळं नोंदवायचं, मग जे जे अडलं असतं त्या सगळ्याला परवानगी द्यायची. पॉलिसी तयार, तक्रार बंद. पण जे होत आलं आहे ते होऊ द्यावं, हा नियम कसा? त्या आठवड्यात आत कोणी घुसलेलं असेल, तर त्याच्याही सवयी कायद्यात बसतील. साधन वाईट नाही. पण प्रत्येक ओळीपुढे ‘हे कशासाठी?’ असं विचारायचं काम ते आपल्यासाठी करत नाही.

नकार वाचायचा कसा, हे समजायला मला हिरकणीची आख्यायिका उपयोगी पडते. सूर्य मावळला की रायगडाचे दरवाजे बंद, हा नियम. दूध विकायला आलेली हिरकणी आत अडकली आणि खाली घरी तान्हं बाळ. पहारेकऱ्यांनी दार उघडलं नाही. ती अंधारात कडा उतरून गेली. शिवाजी महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला.

लहानपणी ही आईच्या मायेची गोष्ट म्हणून ऐकली होती. आता वाटतं, एका नकारातून इथे दोन गोष्टी कळल्या. कड्यात वाट आहे, ही एक. आणि नियमाने अडवलेली गरज खरी होती, ही दुसरी. बुरुजाने पहिलीची सोय झाली, सन्मानाने तिच्या धाडसाची कदर झाली. पण उद्या दुसरी कोणी अशीच अडकली तर? तिने काय करायचं, हे गोष्टीत येत नाही. पहारेकऱ्यांनी त्या रात्री दार उघडायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. प्रत्येक पहारेकऱ्याच्या दयेवर उघडणारं दार शत्रूलाही उघडतं. पण तिची अडचण वर पोहोचायला एखादी रीत हवी होती, आणि नियम बदलू शकणाऱ्याने ती ऐकायला हवी होती.

म्हणजे मालकाचंही न ऐकणारा नियम मी मान्य करते, पण अटींवर. तो वाचता यावा. त्याने दिलेला प्रत्येक नकार कुठेतरी नोंदला जावा. तो बदलायची रीत असावी आणि बदलणारा उत्तरदायी असावा. शिवाय नियम लिहिणाऱ्यांवरही नियम हवा, नाहीतर कुंपणच शेत खातं. अँड्रॉइडच्या पॉलिसीत ‘नेव्हर-अलाऊ’ नावाच्या ओळी असतात, त्या यासाठीच. अमुक परवानगी कधीच देता येणार नाही, असं त्या सांगतात. कोणी तशी परवानगी लिहिली तर पॉलिसी तयारच होत नाही. फोन बनवणाऱ्या कंपन्या आपापली भर घालतात, पण त्यांनाही ही रेघ पाळावी लागते.

या अटी आपल्या फोनला लावल्या तर? अँड्रॉइडची मूळ पॉलिसी खुली आहे, कोणीही वाचू शकतं. नकारांच्या नोंदीही होतात. पण त्या नोंदी माझ्यापर्यंत येत नाहीत आणि आल्या तरी बदल सुचवायला माझ्यासारखीने कोणाचं दार वाजवायचं, हे स्पष्ट नाही. मला कडा उतरायचा नाही, फक्त कोणीतरी ऐकावं. तिथे माझा जुना राग अजून शिल्लक आहे आणि तो मी ठेवणार आहे.

व्हर्च्युअल मशीनवरची माझी पॉलिसी अजून अपुरी आहे. एका लेबलची दोन झाली, दोनाची पाच. काल रात्री एक नकार आला. फोटो लहान करणाऱ्या प्रोग्रामला तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये लिहायचं होतं. ऑडिट-टू-अलाऊने एका ओळीत मोकळा झाला असता. मी त्याच्यासाठी वेगळं फोल्डर केलं, त्याला वेगळं लेबल दिलं आणि तेवढ्यापुरती परवानगी लिहिली. तास गेला. पण या वेळी ती ओळ कशासाठी आहे, हे कोणी विचारलं तर मला सांगता येईल.