कवायत की गनिमी कावा?

१४ मे १९४० च्या रात्री ब्रिटनचे युद्धमंत्री अँथनी ईडन बीबीसीवरून बोलले. हॉलंडमध्ये जर्मन सैनिक हवाई छत्र्यांनी उतरले होते. उद्या ते इंग्लंडच्या शेतांत उतरले तर? १७ ते ६५ वयाच्या पुरुषांनी पोलीस ठाण्यात नाव नोंदवावे, असे आवाहन त्यांनी केले. आठवडाभरातच सुमारे २,५०,००० नावे आली. जुलैअखेर आकडा १५ लाखांच्या घरात गेला.

माणसे मिळाली, बंदुका कुठून आणायच्या? डंकर्कहून परतलेले सैन्यच आपली सामग्री फ्रान्समध्ये टाकून आले होते. मग दंडाला पट्टी बांधलेले कारकून, शेतकरी आणि पहिल्या महायुद्धातले म्हातारे शिपाई शिकारीच्या बंदुका, नाहीतर नुसत्या काठ्या घेऊन रात्रीची गस्त घालू लागले. या दलाचे ‘होमगार्ड’ हे नाव चर्चिल यांनी जुलैत रूढ केले.

पण या लोकांना शिकवायचे काय? जुन्या अधिकाऱ्यांच्या मते सावधान-विश्राम, सलामी आणि पहारा. टॉम विंट्रिंगहॅम यांना हे मान्य नव्हते. स्पेनच्या यादवी युद्धात हरामाच्या लढाईत त्यांनी ब्रिटिश बटालियनचे नेतृत्व केले होते. गणवेशातल्या फौजेशी साधा कामगार कसा झुंजतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. ‘पिक्चर पोस्ट’ साप्ताहिकाचे मालक एडवर्ड हल्टन यांनी पैसा पुरवला आणि जुलै १९४० मध्ये पश्चिम लंडनमधील ऑस्टर्ली पार्क या सरदारी वाड्याच्या आवारात गनिमी काव्याची शाळा सुरू झाली.

शिक्षकवर्ग अजबच होता. स्पेनमधले खाणकामगार रणगाडा कसा निकामी करायचा ते दाखवत. रणगाड्यातल्या माणसाला फटीतून जेमतेम दिसते, अगदी लगतचे तर दिसतच नाही. म्हणून पळायचे नाही, दबा धरून त्याला जवळ येऊ द्यायचे, हा धडा. लपण्याची कला शिकवायला होते सरेअलिस्ट चित्रकार रोलंड पेनरोझ. वर्ग पेंगू लागला की ते अंगभर हिरवा रंग फासलेल्या छायाचित्रकार ली मिलर यांची पारदर्शिका पडद्यावर आणत.

तीन महिन्यांत हजारो स्वयंसेवक इथून शिकून गेले. युद्धखात्याला मात्र ही शाळा खुपत होती. हुकमाची वाट न पाहता लढणारा नागरिक उद्या सरकारचे तरी ऐकेल का, ही धास्ती त्यामागे होती. त्यात विंट्रिंगहॅम पूर्वाश्रमीचे कम्युनिस्ट. त्याच वर्षी शाळा खात्याने ताब्यात घेतली. १९४१ मध्ये विंट्रिंगहॅम बाहेर पडले. ज्या दलाला त्यांनी लढायला शिकवले, त्यात भरती व्हायला त्यांना मज्जाव होता.

त्याच वर्षी याच दलासाठी लोखंडी नळ्यांना संगिनी जोडून सुमारे २,५०,००० भाले बनवले गेले. प्रत्येकाच्या हाती काहीतरी शस्त्र हवे, या चर्चिल यांच्या आग्रहाचे हे फळ. विसाव्या शतकात भाला हाती पडलेल्या स्वयंसेवकांचा संताप झाला आणि बहुतेक भाले गोदामांतच राहिले. पुढे परिस्थिती सुधारली. होमगार्ड विमानविरोधी तोफांवरही काम करू लागले. जर्मन फौजा काही उतरल्या नाहीत, त्यामुळे कवायत खरी की गनिमी कावा, याचा निकाल रणांगणावर लागलाच नाही. ३ डिसेंबर १९४४ रोजी दलाला निरोप देण्यात आला.

दोनच वर्षांनी, ६ डिसेंबर १९४६ रोजी, मुंबई प्रांतात मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने होमगार्ड उभे राहिले. नाव तेच, काम वेगळे: जातीय दंगलींत पोलिसांना हात देण्याचे. समुद्रापलीकडून येणाऱ्या परक्याशी इथे गाठ नव्हती, दोन्ही बाजूंना शेजारीच होते. ऑस्टर्लीचा दबा धरण्याचा धडा अशा गल्लीत निरुपयोगी. तिथे हुकमाशिवाय हात न उचलणारा, कवायतीत मुरलेला स्वयंसेवकच हवा होता.