यार्देनेच्या काठावर तीन दिवस

शास्त्रपाठ : यहोशवा, अध्याय ३, वचने १ ते १७



यार्देन ओलांडल्याची ही कथा आमच्या मंडळ्यांत लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती ऐकताना पुष्कळांच्या मनात तांबडा समुद्र आणि यार्देन ही दोन्ही एक होऊन जातात, आणि मग ह्या अध्यायातील मुख्य गोष्टच हातची निसटते. तांबड्या समुद्रापाशी काय घडले? मोशेने हात पुढे केला, रात्रभर पूर्वेचा वारा सुटला, पाणी दुभागले, कोरडी वाट उघडली आणि मग लोकांनी पाऊल टाकले. पाठीशी फारोचे रथ, पुढे मोकळी वाट. अशा वेळी भित्रा मनुष्यही चालू लागतो. यार्देनेपाशी तसे काही नव्हते. पाठीमागे शत्रू नव्हता. मागला मुलूख जिंकलेला होता, तेथे गुरांना चारा होता, आणि मान्नाही अद्याप पडत होता. पुढे मात्र पुराचे पाणी होते. आणि आज्ञा अशी की, कोश वाहणाऱ्या याजकांनी पाण्याच्या कडेशी जाऊन यार्देनेतच उभे राहावे. त्यांचे तळपाय पाण्याला लागेपर्यंत पाणी हटावयाचे नव्हते.

ज्याने गोदावरी किंवा कृष्णा पाहिली आहे त्याला यार्देन एरव्ही लहानशीच वाटेल. परंतु आमच्या नद्यांना पावसाळ्यात पूर येतो, तर तिला त्या काळी कापणीच्या दिवसांत येई. हर्मोन डोंगरावरचे बर्फ वसंत ऋतूत वितळू लागे, आणि पलीकडच्या शेतात जव पिकून उभे असता नदी मात्र दुथडी भरून वाहे. हे ध्यानात धरा. ज्या दिवसांत पीक तयार होते, त्याच दिवसांत वाट अडलेली होती. पाणी ओसरेपर्यंत थांबू, असे म्हणणाऱ्यास पिकाचा हंगाम मिळाला नसता.

शिट्टीमाहून निघून लोक नदीशी आले आणि त्यांनी तेथे मुक्काम केला. तीन दिवसांनी कारभारी छावणीतून फिरले व त्यांनी कोशामागे चालण्याचा हुकूम सांगितला. ह्या तीन दिवसांविषयी शास्त्र फारसे काही सांगत नाही. पण पूर आलेल्या ओढ्याच्या काठी ज्याने एक रात्र काढली आहे, त्याला ते दिवस समजावून सांगावे लागत नाहीत. रात्री पाण्याचा आवाज मोठा होतो. लेकरे विचारतात, आणि आईबापांजवळ उत्तर नसते. परमेश्वराने आपल्या लोकांस पुरापासून दूर न ठेवता त्याच्या अगदी कडेशी आणून बसविले. पाणी किती आहे ते त्यांनी नीट पाहिले, आणि मग चालण्याचा हुकूम आला. डोळे मिटून उडी घेणे ह्यास कित्येक लोक विश्वास म्हणतात. तसे ह्या अध्यायात कोठेही नाही.

पुढे काय झाले? याजकांचे पाय काठाशी बुडाले आणि वरून येणारे पाणी थांबले. ते कोठे थांबले, हे शास्त्राने नाव घेऊन सांगितले आहे. सारतानाजवळ आदाम नावाचे नगर होते, त्याच्यापाशी. हे स्थळ आज दामिया ह्या नावाने ओळखतात, आणि ते यरीहोसमोरच्या उतारापासून उत्तरेस सुमारे २५ ते ३० किलोमीटर दूर आहे. पाय भिजले ते यरीहोसमोर, आणि पाणी अडले ते आदामापाशी, जेथे कोणाची नजर पोहोचत नव्हती. इसवी सन १२६७ ह्या वर्षी त्याच दामियाजवळ कडा कोसळून नदी काही तास अडल्याचे एका अरब इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. म्हणून कोणी म्हणतात की हा चमत्कार नव्हे, दरड कोसळली एवढेच. आम्हास हा वाद फार मोलाचा वाटत नाही. दरड कोसळली असेल तर ती कोणत्या दिवशी, कोणत्या घटकेस कोसळली, हेच पाहावयाचे आहे. आमच्या उपदेशक बंधूंनी गावोगाव ही कथा सांगताना आदामाचे नाव गाळू नये. ऐकणाऱ्याला जे हवे असते, ते पुष्कळदा त्याच नावात असते. त्याच्या डोळ्यांसमोरचे पाणी अद्याप हललेले नसते, परंतु देवाचे काम वर कोठे तरी चालू असते.

आता आमच्या मंडळ्यांकडे वळू. आमच्या आजोबांच्या काळी उपदेशकाचा पगार, शाळेचे भाडे, मंदिराचे छप्पर हे सर्व मिशनकडून होत असे. ती मदत बहुतेक ठिकाणी केव्हाच आटली, आणि जी थोडी परिषदेकडून येते तीही दरवर्षी कमी होत चालली आहे. सुमारे बावीस घरांच्या एका मंडळीत पंचांची बैठक झाली, तेव्हा आम्ही हजर होतो. उपदेशकाच्या निम्म्या पगाराचा भार मंडळीने उचलावा की नाही, हा प्रश्न होता. ‘आधी वर्गणी साठू द्या, वर्षभराची रक्कम हाती आली की मग शब्द देऊ’, असे बहुतेकांचे म्हणणे पडले. बोलणे शहाणपणाचे होते. दोन वर्षे गेली, आणि पेटीत होते तेवढेच राहिले. कारण ज्या कामाचा शब्दच दिलेला नाही त्याकरिता कोणी हात मोकळा करीत नाही. तिसऱ्या वर्षी एक म्हातारे पंच उठले आणि म्हणाले, “पंचहो, धूळपेरणी करताना आपण ढगांकडून पावती लिहून घेतो काय?” त्या दिवशी शब्द दिला गेला. ज्वारीच्या सुगीपासून घरटी पायली सुरू झाली. पहिल्या वर्षी तीन महिने तूट आली, आणि ती पंचांनी आपल्या कणगीतून भरून काढली. वाट कोरडी झाली, पण पाय आधी चांगलेच भिजले.

रऊबेन आणि गाद ह्यांच्या वंशजांचे स्मरण येथे करावे. त्यांची गुरेढोरे पुष्कळ होती, अलीकडचा प्रदेश चराईस उत्तम होता, आणि ‘आम्हाला यार्देनेपलीकडे नेऊ नका’ अशी विनंती त्यांनी मोशेला केली होती. (गणना, अध्याय ३२ पाहा.) देवाने त्यांस ती जमीन दिली, काढून घेतली नाही. परंतु त्यांचे पुरुष हत्यारबंद होऊन भावांच्या आघाडीस पार गेले पाहिजेत, ही अट होती, आणि ती त्यांनी पाळली. आमच्यांतील ज्या घरांस आता पक्की भिंत, विहिरीला पाणी आणि शहरात नोकरीवर असलेला मुलगा अशी सोय झाली आहे, त्यांनी हा अध्याय घरी सावकाश वाचावा. ती सोय पाप नव्हे. पण आपला भाऊ अद्याप पुराच्या अलीकडे उभा असता आपण खाटेवर बसून त्यास विश्वासाचा उपदेश करणे, हे रऊबेनासही शोभले नाही.

तसेच दुसऱ्या बाजूचे एक संकट आहे, तेही सांगितले पाहिजे. गणना १४ मध्ये तेच लोक एकदा मोठ्या आवेशाने डोंगर चढून गेले, आणि अमालेकी व कनानी ह्यांनी त्यांस होर्मापर्यंत पिटाळले. धैर्यात काही उणे नव्हते. उणे एवढेच की कोश छावणीतच राहिला होता आणि मोशेही गेला नव्हता. कोणी पोरीच्या लग्नास सावकाराचे कर्ज काढतो आणि ‘देव फेडील’ म्हणतो. कोणी आजारी लेकरास दवाखान्यात नेत नाही आणि त्यास विश्वास हे नाव देतो. कोणी भांडणाच्या तिरमिरीत मंडळी सोडून नवी मंडळी काढतो आणि म्हणतो, मी अब्राहामासारखा निघालो. बंधूंनो, कोश कोठे आहे ते आधी पाहा. देवाच्या वचनाने हे पाऊल मागितले आहे काय? प्रार्थना करून, वडीलधाऱ्यांशी बोलून, महिन्याने पाहिले तरी ती हाक तशीच ऐकू येते काय? लोकांनी कोशाच्या मागे दोन हजार हातांचे अंतर ठेवून चालावे, असा हुकूम होता. कारण त्या वाटेने ते पूर्वी कधी गेले नव्हते. पुढे कोण चालले आहे ते सर्वांस दिसले पाहिजे. गर्दी करून कोशाच्याही पुढे जाणाऱ्याला वाट दिसत नाही.

ह्या दोन्ही गोष्टी, म्हणजे हिशेब आणि पाऊल, एका जीवनात कशा नांदतात हे पाहावयाचे असेल तर पंडिता रमाबाईंकडे पाहावे. १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदासदन उघडले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. त्याचा खर्च अमेरिकेतील मित्रांच्या एका मंडळाने दहा वर्षांपुरता पत्करला होता, आणि ती मुदत १८९८ साली सरावयाची होती. मुदतीनंतर सदनाचे कसे चालावे, ह्या विचाराने बाईंनी केडगावास जमीन घेऊन तेथे फळझाडे लावली होती. म्हणजे हिशेब न जाणणारी ही बाई नव्हे. इतक्यात १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्यप्रांतात पोरक्या मुली आणि तरुण विधवा अन्नासाठी रस्त्यावर आल्या, आणि त्यांची अब्रू घेणारे लोक त्यांच्या भोवती घिरट्या घालू लागले. नव्या मुलींस पोसावयास बाईंजवळ पैसा नव्हता. परंतु तरुणपणी त्यांनी स्वतःचे आईबाप दुष्काळात गमावले होते; उपास म्हणजे काय हे त्यांस पुस्तकातून शिकावयाचे नव्हते. त्या निघाल्या, मध्यप्रांतात गेल्या, दुष्काळी कामांवरच्या छावण्या डोळ्यांनी पाहिल्या, आणि सुमारे तीनशे मुली व बायका घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता. इतक्या जणींस शहरात ठेवणे शक्य नव्हते. तेव्हा केडगावच्या त्याच शेतात, पक्की घरे बांधून होण्यापूर्वी, झोपड्या उभारून त्यांस ठेवले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या, आणि मुक्तीची वस्ती दीड हजारांवर गेली. फळझाडांकरिता घेतलेली जमीन कशाकरिता घेतली गेली होती, हे ती घेताना बाईंसही ठाऊक नव्हते. आदामापाशी पाणी अडते ते असे.

कोणी म्हणेल, त्या पंडिता होत्या, परदेशांतही त्यांचे नाव होते; आम्ही खेड्यातील साधी माणसे. तर ज्यांचे पाय प्रथम भिजले त्या याजकांतील एकाचेही नाव ह्या अध्यायात दिलेले नाही.

आणखी एक प्रश्न आहे, आणि तो आमच्या एका तरुण उपदेशकाने आम्हास विचारला. त्याला नदीपलीकडच्या अशा गावी जाण्याची हाक आहे, जेथे एकही विश्वासणारे घर नाही. त्याची बायको म्हणते, येथे दाराशी नळ आहे आणि पोरांची शाळा आहे. तेथे काय आहे? तिची काळजी खोटी नाही, आणि पुरुषांनी तिला अविश्वास म्हणून झिडकारू नये. डोक्यावर हंडा कोणाला वाहावयाचा असतो हे आम्हास ठाऊक आहे. उपदेशकाचा प्रश्न असा : “पाळकसाहेब, धूळपेरणी म्हणता, पण पाऊस आलाच नाही तर दुबार पेरणीही करावी लागते. मी पाय टाकला आणि पाणी थांबलेच नाही तर?”

ह्याला गोड उत्तर देऊन त्याची बोळवण करणे आमच्याने झाले नाही. इब्री लोकांस पत्र, अध्याय ११ ह्यात विश्वासाने राज्ये जिंकणाऱ्यांची नावे आहेत, आणि त्याच दमात दगडमार झालेल्यांचा, करवतीने कापलेल्यांचा, मेंढरांची कातडी पांघरून रानोमाळ हिंडलेल्यांचाही उल्लेख आहे. ते सर्व विश्वासाचेच लोक होते. दानीएलाच्या तीन सोबत्यांनी राजाला स्पष्ट सांगितले की, आमचा देव सोडविण्यास समर्थ आहे. पण न सोडविले तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. तेव्हा पाणी नेहमी आमच्या इच्छेप्रमाणे थांबेल असे वचन कोणास नाही. वचन आहे ते कोशाच्या सोबतीचे. सर्व लोक पार होईपर्यंत कोश वाहणारे याजक नदीच्या मध्यभागी उभे राहिले; लेकरांस कडेवर घेतलेल्या बाया, म्हातारे, लंगडे, मागे रेंगाळणारे सारे निघून गेले, तोवर ते हलले नाहीत. आमचा प्रभू येशू ख्रिस्त मरणाच्या यार्देनेत असाच उतरला आहे, आणि त्याच्यासाठी पाणी दुभागले नाही. ते त्याच्या डोक्यावरून गेले. जो तेथून उठला तोच त्या नदीपलीकडच्या गावी आधी गेलेला आहे.

त्या बंधूने अद्याप निर्णय कळविलेला नाही. तो आणि त्याची बायको दोघे मिळून जाऊन ते गाव पाहून येणार आहेत, आणि पाण्याची सोय काय आहे तेही विचारणार आहेत. आम्हास हे फार बरे वाटले. तीन दिवस काठावर बसण्याची परवानगी देवानेच दिलेली आहे. वाचकांनी त्या दोघांकरिता प्रार्थना करावी, आणि ज्यांच्या घरी एखादा जास्तीचा हंडा असेल त्यांनी तो बाजूस ठेवावा.

यहोशवाचे पुस्तक हाती आहेच, तर पुढचा पाचवा अध्यायही वाचून टाका. गिलगालात लोकांनी वल्हांडण पाळला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या देशाच्या धान्याची बेखमीर भाकर आणि हुरडा खाल्ला, आणि त्यानंतर मान्ना पडावयाचा थांबला. चाळीस वर्षे रोज सकाळी दाराशी पडत आलेले अन्न त्या सकाळी पडले नाही. कित्येक बाया सवयीने भांडे घेऊन बाहेर आल्या असतील आणि रित्या हाताने परत गेल्या असतील. आणि आत त्यांची पोरे अद्याप झोपलेली असतील, आदल्या दिवशीच्या हुरड्याने तोंडे काळी झालेली.