उसनी लिपी

मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला, तेव्हा त्याची बास गिटार बेळगावच्या घरीच राहिली. वर्षभर ती कपाटामागे उभी होती. गेल्या उन्हाळ्यात शाळेचे निकाल लागल्यावर मी ती बाहेर काढली. पंचावन्नाव्या वर्षी हेडमास्तराने रॉकची गाणी वाजवायला बसावे, याचे घरात हसू झाले; मलाही हसू आले.

मुलाच्या वहीत गाण्यांची 'टॅब' उतरवलेली होती. टॅब म्हणजे टॅब्लेचर. चार आडव्या रेघा म्हणजे बासच्या चार तारा, रेघेवरचा आकडा म्हणजे बोट कितव्या पडद्यावर दाबायचे, आणि शून्य म्हणजे तार मोकळी छेडायची. स्वरज्ञान असण्याची अट नाही. टॅबमध्ये सर्वांत जाड तार खालच्या रेघेवर असते आणि मांडीवर वाद्य घेऊन पाहिले तर तीच सर्वांत वर दिसते. त्यामुळे पहिले दोन दिवस मी सगळे उलटेच वाजवले.

गाणे निवडले ते 'क्वीन' या इंग्रजी बँडचे, १९८० सालचे 'अनदर वन बाइट्स द डस्ट'. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकलेला, एवढीच काय ती जवळीक. गाणे मात्र रचले बास वाजवणाऱ्या जॉन डीकनने, आणि ते उभे आहे तेही बासवरच. आकडे सोपे होते. बरीचशी शून्ये, मध्ये कुठे तीन, कुठे पाच. आठवड्यात पाठ झाले. रविवारी फोनवर मुलाला ऐकवले. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "बाबा, आकडे सगळे बरोबर आहेत. पण गाणं कुठं आहे?"

मग मूळ ध्वनिमुद्रण लावून बसलो. मोकळ्या तारेचे ठोके पडतात आणि त्यांच्यानंतर जागा सुटते. बास थांबतो, ढोल चालू राहतो, आणि त्या सुटलेल्या जागेतच गाण्याचा जीव आहे. वहीतल्या त्या साध्या टॅबमध्ये शून्याला आवाज होता, पण शांततेला खूणच नव्हती. बोट कुठे ठेवायचे ते कागदाने सांगितले होते. कधी उचलायचे ते सांगितले नव्हते.

त्या रात्री मला एक जुना विद्यार्थी आठवला. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा साधा शिक्षक होतो आणि कन्नड कवितापाठाच्या स्पर्धेला परीक्षकांत बसलो होतो. सातवीतल्या एका मराठी मुलाने कविता अशी खणखणीत म्हटली, की पहिला नंबर त्याचाच ठरला. खाली उतरताना त्याच्या खिशातून कागद पडला. कन्नड कविता, पण देवनागरीत उतरवलेली. मी त्याला अर्थ विचारला. त्याला एकाही ओळीचा सांगता आला नाही. "ही पोपटपंची आहे," असे सर्वांदेखत म्हणून मी तो नंबर दुसऱ्याला द्यायला लावला. शाळा सोडेपर्यंत तो मुलगा पुन्हा व्यासपीठावर चढला नाही. आपण ज्ञानाची बाजू घेतली, असे मला तेव्हा वाटले होते.

ती बाजू अगदीच खोटी नव्हती. बासची दुसरी जाड तार मोकळी छेडली तर जो स्वर निघतो, तोच सर्वांत जाड तारेच्या पाचव्या पडद्यावर मिळतो. टॅब त्यातली एकच जागा दाखवते. दोन्ही ठिकाणी स्वर एकच आहे हे सांगत नाही. कन्नडचेही तसेच. 'कोडु' म्हणजे दे. त्यातला ओ लांबवला की ते होते शिंग. कन्नडात या ऱ्हस्व आणि दीर्घ ओला वेगळी अक्षरे आहेत. आपल्या देवनागरीत एकच ओ. उसन्या लिपीत भाषा उतरवली की जे हातचे सुटते ते असे.

पण मग कोणती लिपी सगळे सांगते? टॅब हा आजच्या आळशी पोरांनी काढलेला शोध नव्हे. व्हेनिसच्या पेत्रुच्चीने १५०७ साली ल्यूट या वाद्याची पुस्तके याच पद्धतीने छापली. भातखंड्यांनी जागोजागच्या चिजा जमवून मराठीत क्रमिक पुस्तकमालिका काढली. पुस्तकावरून कोणी गवई होत नाही, हे खरेच. म्हणून ती पुस्तके खोटी ठरत नाहीत. आपल्या मराठीचेच पाहा ना. 'चहा'तला च वेगळा आणि 'चाका'तला वेगळा. लिपी हा फरक दाखवत नाही. तो आईच्या तोंडून कळतो.

तेव्हा दोष उसनवारीचा नाही. कागदावर आहे तेवढेच सगळे, असे मानण्यात दोष आहे. आणि कागदातून काय सुटले हे शिकणाऱ्याला कळणार कसे? ते ज्याला ठाऊक आहे त्याने सांगायला हवे. मुलाने मला विचारले, गाणे कुठे आहे, आणि मी ते शोधायला गेलो. मीही त्या पोराला अर्थच विचारला होता; पण त्याला अर्थापर्यंत न्यायला नव्हे, पकडायला. पहिला नंबर त्याचा होता की नव्हता, यावर आजही दोन मते होतील. त्याचा कागद मी ज्या रीतीने वाचला, त्यावर मात्र माझ्या मनात आता दोन मते नाहीत. तो कागद त्याने स्वतः, कुणाकडून तरी ऐकून, अक्षर अक्षर लावून लिहिला असणार. एवढी धडपड माझ्या नजरेतून सुटली.

यंदा आमच्या शाळेत कविता देवनागरीत लिहून घ्यायला मी मोकळीक दिली आहे. अट एकच: कन्नडच्या बाईंपाशी बसून अर्थ समजून घ्यायचा, आणि घरी कन्नड बोलणाऱ्या एखाद्या सोबत्याकडून ती एकदा म्हणवून घ्यायची. तो मुलगा आता तिशीकडे आला असेल. कुठे असतो ते ठाऊक नाही. भेटला तर काय बोलायचे, हेही अजून ठरलेले नाही.

बास अधूनमधून वाजवतो. त्या सुटलेल्या जागेत आता तोंडाने मात्रा मोजतो. अजून चुकतेच.