कोरे पत्र आणि इंग्रजीचा तास

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत पूर्वी पाचवीपासून शिकवली जाणारी इंग्रजी २००० साली पहिलीत आणली गेली, आणि तेव्हापासून तिच्या अध्यापनाची चर्चा मुख्यतः ती किती लवकर व कोणत्या पद्धतीने शिकवावी या प्रश्नांभोवती होत राहिली. कोणाशी, कोणत्या प्रसंगी, कसे बोलावे याचे जे ज्ञान मूल आपल्या घरातून आणि गावातून घेऊन शाळेत येते, त्याकडे या चर्चेचे लक्ष फारसे गेले नाही. अमेरिकन भाषाभ्यासक डेल हाइम्स यांनी या ज्ञानाला संप्रेषणक्षमतेत स्थान दिले आणि व्याकरणाइतकेच तेही भाषा येण्याचा भाग आहे, असे प्रतिपादन केले.

या ज्ञानाचे मराठी रूप समजून घेण्यास राहाता तालुक्यातील, गोदावरीकाठचे पुणतांबा हे उत्तम स्थळ आहे, कारण तेथे योगी चांगदेवांची समाधी आहे. परंपरा सांगते की, वयाने लहान पण ज्ञानाने थोर अशा ज्ञानेश्वरांना पत्र लिहिताना मायना आशीर्वादाचा घालावा की नमस्काराचा हे न ठरल्याने चांगदेवांनी कोराच कागद धाडला, आणि थोरले बंधू व गुरू निवृत्तिनाथ यांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी त्याचे उत्तर पासष्ट ओव्यांत दिले. कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली, तरी मराठी श्रोत्याला ती स्पष्टीकरणाविना कळते, कारण समोरच्याचे वय, नाते आणि अधिकार मनाशी ठरल्यावाचून मराठीत त्याला उद्देशून क्रियापदसुद्धा उच्चारता येत नाही. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपीय भाषांच्या आधारे दाखवले की सर्वनामाची निवड सत्ता आणि जवळीक या दोन तत्त्वांवर होते. मराठीत तू, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्या असल्याने ही निवड अधिकच सूक्ष्म होते. ज्ञानेश्वरांनी उत्तरात चांगदेवांना एकवचनी संबोधले आहे. अद्वैताच्या भूमिकेवरून त्यांनी लहानथोरपणाचा पेचच निरर्थक ठरवला, असा त्याचा अर्थ घेणे योग्य वाटते.

आजच्या इंग्रजीत समोरच्यासाठीचे सर्वनाम एकच असल्याने आदराचा भार ‘कुड’, ‘वुड’ यांसारखी साहाय्यक क्रियापदे आणि प्रश्नार्थक रचना यांवर पडतो. ‘वही द्या’ या वाक्यातील आदर मराठीत क्रियापदाच्या प्रत्ययातच असतो. विद्यार्थी त्याचे ‘गिव्ह मी द नोटबुक’ करतो तेव्हा तो प्रत्यय गळून पडतो आणि नम्र विनंती हुकमासारखी ऐकू येते. भाषेच्या प्रत्यक्ष वापरातून अर्थ कसा घडतो, याच्या अभ्यासाला प्रॅग्मॅटिक्स म्हणतात. त्या क्षेत्रातील अभ्यासक जेनी थॉमस यांनी १९८३ साली अशा फसगतीचे दोन प्रकार केले: एक भाषिक साधनांच्या चुकीच्या वापराचा, आणि दुसरा सामाजिक समजुतींच्या भिन्नतेचा. घरच्या माणसाचे आभार मानणे मराठी कुटुंबात परकेपणाचे वाटते, तर इंग्रज कुटुंबात ते अपेक्षित असते. हा भेद दुसऱ्या प्रकारात मोडतो आणि व्याकरणाच्या स्वाध्यायांनी तो भरून निघत नाही. यांपैकी कोणत्याही कारणाने मराठी मुलाला इंग्रजीत उद्धट समजणे हा त्याच्यावर आणि त्याच्या भाषेवर उघड अन्याय आहे.

विनंती आणि क्षमायाचना यांच्या तुलनेचा जो आंतरराष्ट्रीय प्रकल्प शोशाना ब्लम-कुल्का, ज्युलियाने हाउस आणि गॅब्रिएले कॅस्पर यांच्या १९८९ सालच्या ग्रंथातून पुढे आला, त्यात हिब्रू, डॅनिश, जर्मन, कॅनडातील फ्रेंच आणि इंग्रजीची निरनिराळी रूपे होती, पण एकही भारतीय भाषा नव्हती. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांच्या सौजन्यविषयक सिद्धांताला मात्र तमिळ खेड्यातील बोलण्याचा आधार होता, म्हणजे खेड्यातील सामग्री जागतिक सिद्धांताला पुरत नाही, असे मुळीच नाही. ज्या पुणतांब्यातून २०१७ च्या जूनमध्ये शेतकऱ्यांचा संप उभा राहिला, त्या गावाला विनंती कोठे संपते, मागणी कोठे सुरू होते आणि इशारा कोणत्या शब्दांत द्यावा, हे मराठीत नेमके ठाऊक आहे. इंग्रजी अध्यापनावर प्रबंध लिहिणाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या चुकांची यादी करण्याआधी राहाता-कोपरगावच्या घरांत, बाजारांत आणि ग्रामसभांत हे बोलणे नोंदवावे, आणि पाठ्यपुस्तकांतील संवाद त्या नोंदींच्या आधारे नव्याने रचावेत.